सगुणाच्या डोळ्याखालचा डाग

काशा, तुझ्या बाराव्याला सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. मी खांबाला टेकून ऐकत होते. कोणी म्हणालं देवमाणूस, कोणी म्हणालं असा घोडेवाला पुन्हा होणार नाही. ज्याला तू दोन वर्षं दारात उभं केलं नव्हतंस तोही डोळे पुसून, लाडू खाऊन गेला. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हणाले. मला जे बोलायचं होतं ते मांडवात बोलण्यासारखं नव्हतं.

आता शर्यत मंडळाची माणसं यंदाच्या पुस्तिकेत छापायला तुझ्यावर लिहून मागतायत. तुझी बायको जास्त शिकलेली, म्हणून मी म्हटलं सुमनकडून घ्या. पण सुमन सध्या माझ्याशी बोलत नाही, आणि त्यांनाही तिने परत पाठवलं. ती का बोलत नाही तेच मला लिहायचं आहे. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, जसं झालं तसं लिहिणार. छापायचं की नाही ते त्यांचं ते बघतील.

मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा तू सात वर्षांचा होतास. मी सोळाची. मामंजी बदलापूर स्टेशनवर टांगा हाकायचे आणि घरात माणसांपेक्षा घोड्याची विचारपूस जास्त व्हायची. आजूबाजूच्या गावांत सगळ्यांच्या दारात शर्यतीचे बैल, आपल्याच दारात घोडी. माझ्या आईने मला निरोप देताना सांगितलं होतं, दिराला धाकात ठेव. मी पहिल्याच आठवड्यात तुला धाकात ठेवायला गेले तर तू घोडीच्या पोटाखाली जाऊन बसलास आणि तिथून मला म्हणालास, "ये ना वयनी, ये हितं, मार." मी घोडीला घाबरायचे. तू दिवसभर तिथेच जेवलास.

घोड्याची भीती तूच घालवलीस माझी. लाथ कुठून येते, कान मागे टाकले की काय समजायचं, हात कुठे ठेवायचा, सगळं तू शिकवलंस, मी तुला पाढे शिकवले. तुला अकराच्या पुढे पाढे आले नाहीत. मला मात्र घोडी आली. पुढे रिक्षा आल्या, टांगे गेले, तुझे दादा, माझे मालक, मोरिवलीच्या कारखान्यात लागले. घोडी विकून टाकतील असं सगळ्यांना वाटलं होतं. तू तिला शर्यतीत उतरवलंस.

आपली शर्यत म्हणजे टीव्हीवर दाखवतात तशी नाही. भात कापून झालं की रिकाम्या शेतांतून चारशे पावलांचा सरळ पट्टा रोलर फिरवून साफ करायचा, दोन घोडे एका वेळी सोडायचे. वीस-बावीस आकडे मोजेपर्यंत खेळ संपतो. मी एकदा तुला म्हणाले होते, एवढ्यासाठी वर्षभर हरभरा भिजवायचा? तू म्हणालास, "वयनी, लग्नातपण हार घालायला येवढाच टाइम लागतंय." तुला असलं सुचायचं लगेच. कामाचं सुचायला वेळ लागायचा.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून होतं, भोवऱ्यांवरून. दुसरी सगळी भांडणं चहा थंड झाला, खरारा कुठे ठेवला असली होती, ती मोजत नाही. घोड्याच्या अंगावर केस गोल फिरतात तो भोवरा. कपाळावर असला तर चांगला, मानेच्या मुळाशी असला तर फारच चांगला, अमुक ठिकाणी असला तर घोडा धन्याला पाडणार, तमुक ठिकाणी असला तर धनी रस्त्यावर येणार. तू घोडा बघायला गेलास की आधी पाय बघत नव्हतास, दात बघत नव्हतास. बोटं फिरवत भोवरे मोजायचास. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे डोळ्याखालचा भोवरा. आसूढाळ. तो ज्या घोड्याला असेल त्याच्या धन्याच्या घरात डोळ्यांचं पाणी खळत नाही, असं मामंजी सांगायचे आणि तू मान डोलवायचास. मी म्हणायचे, घर म्हटलं की रडणं आलंच, त्याला घोडा कशाला पाहिजे? तू कानावर हात ठेवायचास. खरोखर दोन्ही हात.

तुझे दादा गेले त्याच्या आदल्या वर्षी, त्यांनी नंतर विकत घेतलेल्या घोडीने पहिलं शिंगरू दिलं. चारी पाय पांढरे, कपाळावर पट्टा. बघायला माणसं आली. तू कडेवर पोर घ्यावं तसं त्याला कवटाळलंस, त्याचं तोंड उजेडाकडे केलंस आणि तुझा चेहरा उतरला. डाव्या डोळ्याखाली भोवरा होता, मसुराच्या दाण्याएवढा. तीन महिनेसुद्धा झाले नव्हते, आईचं दूध चालू होतं, आणि तू ते शिंगरू वसईकडच्या कोणाला तरी फुकट देऊन टाकलंस. टेम्पो गेल्यावर तू दोन दिवस शर्यतीच्या निमित्ताने गावाला गेलास. मागे मी होते. घोडी आठ दिवस खिंकाळत होती, काशा. तिची कास दगडासारखी झाली होती, मी गरम पाण्याने शेकत बसायचे. आठव्या दिवशी ती गप्प झाली, ते त्या खिंकाळण्यापेक्षा वाईट होतं. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू रडला असतास आणि पुन्हा तेच केलं असतंस.

म्हणून पुढचं मी केलं.

तुझे दादा जाऊन तीन वर्षं झाली होती. घोडी पुन्हा भरलेली होती आणि तू तीन दिवस जत्रेला गेला होतास. सकाळी दिवस वर आल्यावर ती व्यायली. मीच ओढून काढलं. कुमैत रंगाची शिंगी, लांब पायांची, पुसून काढली तर तांब्याच्या हंड्यासारखी चकाकली. मी तिचं तोंड उजेडाकडे केलं. मला तू शिकवलेलंच सगळं येतं ना, हात आपोआप तिथे गेला. डाव्या डोळ्याखाली भोवरा.

मी दिवसभर विचार केला. दुसऱ्या दिवशी चुलीत सळईचं टोक तापवलं, घोडीला आखूड बांधली, शिंगीला भिंतीशी दाबून गुडघ्यांत धरली आणि त्या जागी डाग दिला. केस जळाल्याचा वास आला. शिंगी एवढीशी आवाजसुद्धा करेना, आईच दोर तोडायला बघत होती. मग हळद आणि खोबरेल लावलं. माझे हात कापत नव्हते हेही लिहिते, कारण कापत होते असं लिहिलं तर ते खोटं होईल. बाजारात जनावर विकणारे असले डाग देतात, त्यांना आपण चोर म्हणतो. मी विकायला दिला नव्हता, ठेवायला दिला होता. तेवढ्याने मी चोर नाही असं मला नऊ वर्षं वाटत होतं.

तू आलास. चप्पल न काढता तबेल्यात गेलास. मी दारात उभी होते.

"वयनी, ह्ये काय झाला डोल्याखाली?"

"तार लागली."

तू तिच्याकडे बघत होतास, मग माझ्याकडे बघितलंस. मी नजर हलवली नाही. मी आयुष्यात तुझ्याशी खोटं बोलले नव्हते, म्हणून ते खोटं चाललं असणार असं मी धरलं.

"डोला वाचला बग," तू म्हणालास. आणि तिचे बाकीचे भोवरे मोजायला लागलास. मानेच्या मुळाशी चांगला भोवरा निघाला तेव्हा केवढ्याने ओरडलास. नाव ठेवलंस सगुणा.

पहिल्या शर्यतीच्या वेळी नाव नोंदवायला गेलो. मी टेम्पोत बसून होते. तिथे बायका जेवणाच्या डब्यांपुरत्या येतात. मला वाटलं तू तुझं नाव दिलं असशील. वर एका पोराला बसवून सगुणा पट्ट्यावर आली आणि भोंग्यातून आवाज आला, "घोडी सगुणा, मालकीण अनसूयाबाई." मी टेम्पोतून इकडेतिकडे बघितलं, ही कोण अनसूयाबाई म्हणून. सगळे हसायला लागले तेव्हा कळलं. तुझी गचांडी धरायला मी खाली उतरले.

"माझं नाव कशाला दिलंस रे मेल्या?"

"दादाची घोडी व्हती. तिची पोर तुझीच ना."

"लोक काय म्हणतील?"

"अनसूयाबाई म्हनतील. आनखी काय म्हनतील?"

तेवढ्यात शर्यत सुटून संपलीसुद्धा. आपण दोघांनी बघितलीच नाही. पहिली शर्यत सगुणा जिंकली आणि तिचा धनी कोण यावरून आपण टेम्पोच्या मागे भांडत होतो. ढाल मला दिली, फेटा कोणाला बांधायचा यावर त्यांची अडचण झाली, मग तो तुला बांधला. त्यानंतर मी पाच हंगाम ते नाव ऐकलं. बदलापूरच्या मागे, वांगणीच्या माळावर, कुठे कुठे. माझ्या बापाने ते नाव ठेवलं होतं आणि तोही मला अनशी म्हणायचा. तू गेल्यावर मला कळतंय की माझं पूर्ण नाव लक्षात ठेवणारं जगात एकच माणूस होतं आणि त्याने ते भोंग्यातून घ्यायला लावलं. ह्याबद्दल मी तुला कधी बरं वाटलं असंसुद्धा म्हणाले नाही. बरं वाटलं होतं, काशा. फार बरं वाटलं होतं.

सगुणाचा हंगाम संपला तरी तू रोज सकाळी तिला त्या पट्ट्यावर न्यायचास. बासष्टाव्या वर्षी. मी म्हणायचे, आता खाली उतर. तू म्हणायचास, "उतरलो का मेलो." मी म्हणायचे, मग बस वर आणि पडून मर. हे मी म्हटलेलं आहे. एकदा नाही, शंभरदा. लोक म्हणतात असं तोंडाने बोलू नये. मी सगळं तोंडाने बोलते, आणि जे बोलायला पाहिजे होतं तेच बोलले नाही.

पट्ट्याच्या कडेला आता बिल्डिंग उठतायत. त्या दिवशी एका बिल्डिंगला लावलेली हिरवी जाळी सुटली आणि वाऱ्याने पट्ट्यावर आली. सगुणा बुजली. तिने उडी बाजूला घेतली, तू सरळ गेलास. चांगल्यातला चांगला घोडा जाळीला बुजतो. तिची चूक नाही, तुझी नाही, जाळी बांधणारा कोण होता तेही मला ठाऊक नाही. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, सगळे म्हणाले महिन्याभरात काठीवर चालेल. मग छातीत कफ भरला.

दवाखान्यात ती चार वाजताची भेटायची वेळ होती. सुमन तुझ्या गोळ्या आणायला खाली गेली होती. मी स्टुलावर बसले होते. तुझ्या नाकाला नळी होती आणि तू ती सारखी बाजूला करत होतास.

"सगुना खातं का?"

"खाते."

"खोटा बोलू नको."

"अर्धी चंदी टाकते. गवत खाते."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं लागली झोप. मग डोळे न उघडता म्हणालास, "वयनी, आपल्याकडं तार कवा लावली?"

"काय?"

"कुंपनाला. तवा तर कुड व्हता ना? सगुना झाली तवा. कुड व्हता, आन त्याच्यावर तुजा दुधी व्हता."

दुधीचा वेल होता हे मीसुद्धा विसरले होते. तार आपण त्याच्यानंतर दोन वर्षांनी लावली. मी स्टुलावर बसून तुझ्या पायावरचं पांघरूण नीट केलं. ते नीटच होतं.

"काय करायचंय आता त्याचं," मी म्हणाले. "झोप."

तुझे ओठ हलले. तू हसलास की तुला दुखलं, मला कळलं नाही. मी नीट बघितलं नाही. मी पांघरुणाकडे बघत होते. तेवढ्यात सुमन आली. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलास.

त्यानंतर मी रोज त्या स्टुलावर बसते. घरातली कामं करते, भाकऱ्या करते, आणि त्या स्टुलावर बसलेली असते. तू विचारतोस आणि मी झोप म्हणते. "हो रे, मीच डाग दिला," एवढंच म्हणायचं होतं. फार तर तू शिव्या दिल्या असत्यास. फार तर तोंड फिरवलं असतंस. एवढी मोठी बाई मी, जिच्या तोंडाला अख्खं गाव घाबरतं, तिच्या तोंडून एक वाक्य निघालं नाही.

भोवऱ्याचं मी आजही मानत नाही. पण खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते. तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी सगळे अस्थी घेऊन गेले तेव्हा मी तबेल्यात गेले. बोट ओलं केलं आणि सगुणाच्या डोळ्याखालचे केस बाजूला करून बघितलं, तो भोवरा परत उगवलाय का. डाग होता तसाच होता, गुळगुळीत. तिने माझ्या हातात तोंड दिलं. मी तिला ढकललं. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

बारावं झाल्यावर सुमन म्हणाली, "ताई, घोडी नको दारात. तिचा आवाज आला का मला वाटतंय हे आले."

मी म्हटलं, ठीक आहे. तुला राग येईल, पण मी लगेच ठीक आहे म्हटलं. तिला रोज तो आवाज ऐकायला लावणं मला पटेना. आणि घेणारा तयारच होता. उल्हासनगर एक नंबर कॅम्पातले सिंधी लच्छू शेठ, कापडाच्या दुकानातून सगुणाची शर्यत बघायला यायचे ते. वांगणीला त्यांचं फार्महाऊस आहे, तीन घोडे आहेत. पाच वर्षं तुझ्या मागे लागले होते आणि तू दर वेळी त्यांना म्हणायचास, "शेठ, मालकीनबायला विचारा," आणि मालकीणबाई नाही म्हणायची. यावेळी मीच निरोप धाडला.

रविवारी अकरा वाजता आले. तुझ्या फोटोला हार घालून बराच वेळ उभे राहिले. मग सगुणाजवळ गेले. सुमन ओट्यावर बसली होती, मी दोर धरून उभी होते.

"भाभी, काशाभाई माझा दोस्त होता. मी मोलभाव नाही करणार. तुम्ही बोलाल ते." आणि हात फिरवता फिरवता त्यांचा अंगठा तिच्या डोळ्याखाली थांबला. "साईं, हे काय आहे?"

मी तोंड उघडायच्या आधी ओट्यावरून सुमन म्हणाली, "तार लागलेली. लहान व्हती तवा."

"पक्की तार ना?"

"हे मला सांगून ठेवायचे," सुमन म्हणाली. "कोनीबी विचारला तर तारच सांगायची."

मी तिला विचारलं, "कधी सांगितलं होतं त्याने तुला असं?"

"कवापासून. ती शिंगी व्हती तवापासून."

म्हणजे काय, काशा? तू माझ्यावर विश्वास ठेवलास आणि जे मी सांगितलं तेच बायकोला सांगितलंस, एवढंच? की पहिल्याच दिवशी डागावरून बोट फिरवलंस तेव्हाच तुला कळलं होतं, आणि माझं खोटं उघडं पडू नये म्हणून तू ते सगळ्यांना पाठ करून दिलंस? घोड्याचे भोवरे बोटांनी वाचणारा तू, तुला भाजल्याचा डाग आणि तारेचा ओरखडा ओळखता आला नाही? हे मी नऊ वर्षं कसं मानलं?

शेठ खूश झाले. "तार, तर मग काय टेन्शन नाही. माझी नात बसेल हिच्यावर. सोळाची झाली, डरतच नाही पोरगी."

मी गप्प राहिले असते तर सगळं मिटलं असतं. सुमनच्या तोंडून आलेलं होतं, तुझ्या नावाने आलेलं होतं, माझ्याकडे कोणी बघतसुद्धा नव्हतं. पण शेठ भोवरे मानतात. नात त्यांची आहे. तिला कशावर बसवायचं ते त्यांनी ठरवायचं, मी नाही.

"शेठ, थांबा," मी म्हणाले. "तार नाही. तिथे आसूढाळ होता. मी जाळला."

चटका बसल्यासारखा त्यांनी हात मागे घेतला. "भाभी, मजाक करताय?"

"मी कधी मजाक केलीय?"

"नाही," शेठ म्हणाले. "ते पण खरं." मग त्यांनी घोडीला हात जोडले, मला नाही. "माफ करा. घरात बालबच्चे आहेत." चहा अर्धा टाकून गेले. गाडी सुरू व्हायच्या आधी काच खाली करून एकदा विचारलं, "काशाभाईला माहीत होतं?" मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, मलाच ठाऊक नाही.

सुमन ओट्यावरून उठली नव्हती. मी तिच्या समोर जाऊन उभी राहिले. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. पस्तीस वर्षांत ती माझ्याशी आवाज चढवून बोललेली नाही, तेव्हाही चढवला नाही.

"घोडी तुझ्या नावावर," ती म्हणाली, "आन कुंकू माझं गेला."

ह्याला मी काय बोलणार होते? भोवरे खोटे असतात असं? ते मी तुझ्याशी चाळीस वर्षं बोलले. आणि भोवरा खरा की खोटा हा प्रश्नच नव्हता हे मला तिथे, तिच्यासमोर उभं राहून कळलं. तू मानायचास. तू मानत होतास तर त्या घोडीवर बसायचं की नाही हे ठरवायचा अधिकार तुझा होता. तुझं शिंगरू तू देऊन टाकलं असतंस, घोडी पुन्हा आठ दिवस ओरडली असती, मी पुन्हा शेकत बसले असते, तुला पुन्हा मनातल्या मनात दगड म्हटलं असतं. पण ठरवलं तू असतंस. ते मी सळईने जाळलं.

"ह्यांना म्हाईत व्हता?" सुमनने विचारलं.

"मला ठाऊक नाही."

"तू कवा बोललीस का त्यांच्याशी?"

"नाही."

"त्यांनी विचारला?"

नाही म्हणता आलं असतं. कोण बघायला होतं? तू, मी आणि तो स्टूल.

"विचारलं," मी म्हणाले. "दवाखान्यात. आदल्या दिवशी. तू गोळ्या आणायला गेली होतीस."

"मग तू काय सांगितलास?"

"झोप म्हणाले."

ती आत गेली आणि तिच्या बाजूच्या खोलीचं दार लावून घेतलं. ते रविवारी. आज गुरुवार आहे. ती सकाळी पाणी भरते, तुळशीला घालते, स्वयंपाक करते, मी समोर आले की आत जाते. माझ्यासाठी झाकून ठेवलेलं मात्र असतं. भाजी, दोन भाकऱ्या. मी खाते. न खाऊन मी तिला आणखी काही सांगू शकत नाही.

मला वाटायचं दुःख म्हणजे रडणं. तुझे दादा गेले तेव्हा मी रडले आणि नंतर कामाला लागले. तुझं तसं होत नाही. तू गेलास ह्याचं रडायला बसले की मध्येच तो प्रश्न येतो आणि रडणं अडतं. रडताना विचार करता येत नाही आणि विचार थांबल्याशिवाय रडता येत नाही. पाच दिवस हे असं चाललंय. तू असतास तर तुला विचारलं असतं. दुसऱ्या कोणाला विचारू? हे मरणाचं सगळ्यांत वाईट आहे, काशा. माणूस जातं ते जातं, आणि ज्याचं उत्तर त्यालाच ठाऊक होतं तेही घेऊन जातं.

मी दोन्ही बाजूंनी मांडून बघितलं. न कळता बसला असशील, तर मी तुला फसवून तिच्यावर बसवलं. आणि कळून बसला असशील, लहानपणापासून ज्याला भीत होतास तो भोवरा कळूनही इतकी वर्षं रोज सकाळी तिच्यावर बसला असशील, तर ते माझ्यासाठी बसलास, वहिनी खोटी ठरू नये म्हणून. पहिलं मला सोसेल. दुसरं सोसत नाही. एवढं माझ्यासाठी कोणी केलेलं नाही, आणि ज्याने केलं त्याला मी झोप म्हणाले.

मंडळाच्या माणसांनो, हे छापलंत तर माझं नाव पूर्ण घाला. त्या पट्ट्यांवर तुम्ही भोंग्यातून घेतलेलं नाव आहे, त्या नावाने मी तुमच्या घोड्यांबरोबर डाग देऊन भोवरा लपवलेली घोडी उतरवली. तुम्हांलाही ते कळायला पाहिजे.

बाहेर सगुणा उभी आहे. आज पहिल्यांदा तिने पूर्ण चंदी खाल्ली. आता लच्छू शेठच काय, हे कळल्यावर ह्या भागातलं कोणी तिला घेणार नाही. ठेवायची, लांबच्या कोणाला खरं सांगून द्यायची, की आणखी काही? मला तिच्या मानेवर हात ठेवला की उत्तर लगेच सुचतं, म्हणून मी हात ठेवत नाही. सुमन दार उघडेल तेव्हा दोर तिच्यासमोर धरीन. ती जे म्हणेल ते होईल. मला पटलं नाही तरी होईल. ह्या वेळी मी ठरवणार नाही.